आवाज आला नाही, पैसे मात्र आले : फोन टेकवून केलेल्या एका पेमेंटचं प्रकरण

प्रकरण ४,७८० रुपयांचं आहे. सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर, एका शनिवारी संध्याकाळी, तिथं एका बाईंनी भाचीच्या रुखवतासाठी पितळी समई, पाच लिटरचा कुकर आणि स्टीलच्या डब्यांचा संच घेतला. त्या एकाच बिलाचे पैसे त्यांच्याकडून दोनदा गेले. दोन्ही वेळा ते दुकानाकडे व्यवस्थित पोचले. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, मशीन बिघडलेलं नव्हतं, नेटही चालू होतं. तरी रविवारी दुपारपर्यंत बाई, त्यांचे यजमान आणि दुकानाचे मालक तिघंही एकमेकांकडे संशयानं बघत होते, आणि एक क्रेडिट कार्ड कायमचं बंद झालं होतं.

या दुकानाचे हिशेब मी पाहतो. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणते, मीही तेच म्हणतो. दोन्ही बाजूंची हरकत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय; नावं मात्र देत नाही. लिहावंसं वाटलं कारण या प्रकरणात प्रत्येक माणूस आपापल्या परीनं बरोबर वागला. ज्यानं त्यानं जो पुरावा तपासला, तो खरा होता. फक्त प्रत्येक जण दुसऱ्याच वाटेवर पैसे शोधत होता.

संध्याकाळी काय झालं

अण्णांच्या गल्ल्यापाशी तीन वस्तू आहेत. क्यूआरचा स्टँड, त्याला जोडलेला बोलणारा साउंडबॉक्स, आणि स्वाइप मशीन. क्यूआर आणि साउंडबॉक्स एका कंपनीचे, मशीन दुसऱ्या बँकेनं दिलेलं. पैसे शेवटी एकाच चालू खात्यात येतात, पण दोन्हींची अ‍ॅप वेगळी. क्यूआरचं अ‍ॅप अण्णांच्या फोनवर आहे. मशीनचं अ‍ॅप पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर, कारण मशीन घेताना कागदपत्रं त्यानंच भरली होती.

पावणेसातच्या सुमारास बाई पैसे द्यायला आल्या. "फोन टेकवला तर चालतो का?" त्यांनी विचारलं. गल्ल्यावरच्या पोरानं "चालतो की ताई" म्हणून मशीनवर रक्कम टाकली आणि मशीन पुढं केलं. बाईंनी अंगठा लावून फोन उघडला, पाठ मशीनला लावली. फोन थरथरला, पडद्यावर क्षणभर बरोबरची खूण आली आणि गेली. इकडं मशीन टुकटुक करायला लागलं. त्याच्यातला कागदाचा रोल संपला होता. पोरानं पडद्यावर इंग्रजी सूचना बघितली, लाल अक्षरं बघितली आणि सांगितलं, "झालं नाही बहुतेक, अण्णा."

अण्णांनी साउंडबॉक्सकडं बघितलं. तो गप्प. दिवसभर त्याच्या आवाजावरच दुकान चालतं. आवाज आला की माल पिशवीत. अण्णांनी आपल्या फोनवरचं क्यूआरचं अ‍ॅपही उघडून बघितलं. त्यात ४,७८० ची नोंद नव्हती. "वहिनी, आलं न्हाई हो."

बाईंनी मेसेज बघितले. एकही नाही. म्हणून त्यांनी बँकेतली शिल्लक तपासली. शिल्लक होती तेवढीच, एक रुपया कमी नव्हता. त्यात त्यांनी पिन टाकलेलाच नव्हता, आणि पिन टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागं चार माणसं उभी. त्यांनी क्यूआर स्कॅन केला, यूपीआय पिन टाकला, साउंडबॉक्स बोलला: चार हजार सातशे ऐंशी रुपये मिळाले. बाई सामान घेऊन घरी गेल्या.

त्याच वेळी त्यांचे यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामावर होते. त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला: क्रेडिट कार्डावर ४,७८० रुपये खर्च. दुकानाचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. कार्ड होतं बायकोच्या नावचं पूरक कार्ड, म्हणजे त्यांच्याच कार्डाला जोडून घेतलेलं, आणि ते घरी कपाटात असतं हे त्यांना माहीत होतं. माणसानं काय समजायचं? त्यांनी बँकेचं अ‍ॅप उघडून कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली आणि मग घरी फोन लावला.

"तू आज कुठं काही घेतलंस का?"

"घेतलं की. भांडी घेतली. पण मी माझ्या खात्यातनं दिले पैसे."

"किती?"

रक्कम ऐकल्यावर दोघंही गप्प झाले.

पैसे कुठल्या वाटेनं गेले

मूळ गोंधळ इथंच आहे, त्यामुळे जरा थांबून सांगतो. दुकानात फोननं पैसे द्यायच्या दोन पूर्ण वेगळ्या वाटा आहेत. क्यूआर स्कॅन करून जातात ते यूपीआयचे पैसे: नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ साली सुरू केलेल्या यंत्रणेतून, साधारणपणे एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात. स्वाइप मशीनला फोन टेकवून जातात ते बहुतेक वेळा कार्डाचे पैसे. फोनमध्ये जे कार्ड भरून ठेवलंय त्या कार्डाचे. तिथं फोन हा कार्डाच्या जागी उभा असतो, खात्याच्या नाही.

एकाच अ‍ॅपमध्ये या दोन्ही सोयी असू शकतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बाईंच्या फोनमध्ये त्यांच्या भाच्यानं काही महिन्यांपूर्वी क्रेडिट कार्ड भरून दिलं होतं. त्या वेळचा ओटीपी यजमानांच्या मोबाइलवर आला होता, कारण मुख्य कार्ड त्यांचं. मग ही गोष्ट सगळे विसरून गेले. बाईंच्या मनात फोन म्हणजे आपलं बँक खातं, एवढाच हिशेब राहिला. रोज भाजी, दूध, रिक्षा सगळं त्याच फोनवरून खात्यातून जातं. मग टेकवल्यावरही तिथूनच जाणार असं वाटण्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता त्या संध्याकाळी तपासलेला एकेक पुरावा घ्या. साउंडबॉक्स गप्प राहिला, कारण अण्णांकडचा साउंडबॉक्स फक्त क्यूआरच्या पैशांचं बोलतो. मशीनवरचे पैसे त्याला कळतच नाहीत. (कार्डही घेणारे आणि त्याचंही बोलून सांगणारे साउंडबॉक्स बाजारात आहेत, अण्णांकडचा तसला नव्हता.) अण्णांच्या अ‍ॅपमध्ये नोंद नव्हती, त्याचंही कारण हेच. बाईंच्या खात्यातली शिल्लक तशीच राहिली, कारण पैसे उधारीच्या कार्डावर चढले होते, खात्यातून गेलेच नव्हते. मेसेज आला नाही, कारण तो कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे कुपवाडला गेला.

आणि पिन. कार्ड किंवा कार्ड भरलेला फोन टेकवून दिलेल्या रकमेला ५,००० रुपयांपर्यंत पिनची सक्ती नाही. पूर्वी ही मर्यादा २,००० होती. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून ती वाढवायला परवानगी दिली. बिल ५,००० च्या आत होतं, म्हणून मशीननं काही विचारलं नाही. बाईंनी फोनचं कुलूप अंगठ्यानं उघडलं, त्यांच्याकडून एवढंच लागणार होतं.

बिल ५,२०० चं असतं तर वेगळाच घोळ झाला असता, आणि तोही मी दुसऱ्या दुकानांत पाहिलाय. मशीन पिन मागतं, ग्राहक सवयीनं यूपीआयचा पिन टाकतो. मशीनला हवा असतो कार्डाचा पिन, एटीएममध्ये टाकतो तो. दोन्ही वेगवेगळे असतात. मशीन नकार देतं, माणूस पुन्हा तोच पिन टाकतो, आणि लागोपाठ चुकीचा पिन पडला की बँक कार्डाचा पिन अडवून ठेवते. तिथं उभा असलेला दुकानदार "तुमच्या बँकेचा सर्व्हर डाऊन आहे" म्हणून मोकळा होतो.

टेकवण्यातही आता दोन प्रकार झालेत, हे आणखी एक. काही क्यूआर स्टँडवर आणि साउंडबॉक्सवर टॅपची खूण असते. तिथं फोन टेकवला की यूपीआयचं पान उघडतं, पैसे खात्यातून जातात आणि यूपीआय लाइटची, म्हणजे छोट्या खर्चासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पैशांतली, छोटी रक्कम सोडली तर साधारणपणे पिनही टाकावा लागतो. म्हणजे हाताची हालचाल तीच, फोन तोच, कधी कधी अ‍ॅपही तेच, आणि पैसे मात्र कुठं खात्यातून तर कुठं कार्डावरून. ग्राहकाला हे आपोआप कळावं अशी अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. मशीन दुकानाचं असतं, त्यामुळे पहिली समज दुकानाला हवी.

पावतीवरचे चार आकडे

साडेआठच्या सुमारास नवरा-बायको दुकानात परत आले. तोवर पोरानं मशीनमध्ये नवा रोल घातला होता. अण्णा माणूस सरळ आहेत. त्यांनी लगेच मुलाला पुण्याला फोन लावला, मुलानं अ‍ॅप बघून सांगितलं की सहा बेचाळीसला ४,७८० ची एक नोंद मशीनवर आहे. पोरानं मशीनमधून दुबार पावती काढली. इथंच प्रकरण मिटायला हवं होतं.

पण अण्णांनी पावती आणि यजमानांच्या फोनवरचा मेसेज शेजारी शेजारी धरले. मेसेजमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडे ३०४६. पावतीवर ७७१२. बाईंनी घरून येताना कार्ड आणलं होतं, त्यावरही ३०४६. "हे तुमचं कार्ड न्हाई. दुसऱ्या कुणाचं तरी हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. दिवाळीच्या गर्दीत दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाचे पैसे उचलून यांना दिले आणि खरा माणूस उद्या आला, तर काय करायचं? यजमानांचा उलटा निष्कर्ष निघाला: आपल्या कार्डाची नक्कल कुणीतरी केली आणि ती या दुकानात चालली. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. अण्णांना ते फार लागलं. आजोबांपासूनचं दुकान आहे.

आकडे जुळले नाहीत, कारण फोन दुकानदाराच्या मशीनला कार्डाचा खरा क्रमांक देतच नाही. कार्ड फोनमध्ये भरतो तेव्हा त्याच्या सोळा आकड्यांच्या जागी दुसरेच आकडे तयार होतात, त्याला टोकन म्हणतात. हे टोकन त्या फोनपुरतं असतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये या पद्धतीला परवानगी दिली. फोन टेकवला की मशीनकडे टोकन जातं आणि त्याच्या जोडीला त्या एका व्यवहारापुरतं बनवलेलं सांकेतिक उत्तर. कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी टोकनवरून खरं कार्ड ओळखते आणि बँकेला विचारते. बँक खरा क्रमांक जाणते, म्हणून बँकेच्या मेसेजमध्ये ३०४६. दुकानाच्या मशीनला फक्त टोकन ठाऊक, म्हणून पावतीवर ७७१२. पावती कुणाच्या हाती लागली, दुकानाच्या यंत्रणेतून आकडे चोरीला गेले, तरी खऱ्या कार्डाचा क्रमांक सुरक्षित राहतो. सोय चांगलीच आहे. फक्त तिची माहिती गल्ल्यावर बसणाऱ्या माणसापर्यंत कुणी पोचवली नाही. मशीन बसवायला आलेला माणूस रोल कसा घालायचा आणि बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा, कशी बंद करायची एवढं दाखवून गेला होता.

शनिवारी रात्री कुणालाच हे माहीत नव्हतं, त्यामुळे बोलणं वाढलं आणि सगळे उद्यावर सोडून घरी गेले. या उद्यावर सोडण्यानं एक नुकसान झालं. कार्डाचे दिवसभराचे व्यवहार मशीन रात्री एकत्र करून बँकेकडे पाठवतं. त्याआधी व्यवहार रद्द केला, ज्याला मशीनवर व्हॉइड म्हणतात, तर तो जवळजवळ न झाल्यासारखाच होतो. दुकानाला शुल्क लागत नाही आणि ग्राहकाच्या कार्डावर अडवलेली रक्कम मोकळी होते. साडेआठला व्हॉइड करता आलं असतं. रविवारी सकाळी मला फोन आला तोवर बॅच जाऊन बसली होती.

रविवारी

मी गेलो तेव्हा दोन्ही पक्ष दुकानात होते. बाईंना मी फोनमधलं अ‍ॅप उघडायला सांगितलं, त्यात कार्डाच्या चित्रावर बोट लावलं, आणि तपशिलाच्या पानावर फोनपुरत्या क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसले: ७७१२. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पावतीशी आकडे स्वतः जुळवून बघितले. कार्ड आदल्या दिवशी बंद केल्यामुळे ते आता चालू नाही अशी खूण अ‍ॅपनं केली होती, तरी आकडे वाचता येत होते.

एवढ्यावर थांबायचं नाही म्हणून यजमानांना बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावायला लावला आणि त्या व्यवहाराचा मंजुरी क्रमांक विचारायला सांगितला. हा क्रमांक सहा अक्षरांचा असतो, कार्ड देणारी बँक तो तयार करते आणि दुकानाच्या पावतीवर तो छापला जातो. तो जुळला की वाद संपतो. तो जुळला. पावतीवर आणखी एक बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, आणि यूपीआयच्या व्यवहारालाही बारा आकडीच संदर्भ क्रमांक असतो. लोक अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर बारा आकडे पाठवतात आणि अण्णा ते क्यूआरच्या अ‍ॅपमध्ये शोधत बसतात. कार्डाचे असतील तर तिथं सापडणार नाहीत. क्रमांकाबरोबर वाटही विचारायला हवी.

मेसेजमधल्या अनोळखी नावाचा उलगडाही तेव्हाच झाला. पाटीवर दुकानाचं एक नाव आहे, आणि मशीन अण्णांच्या आजोबांच्या नावच्या जुन्या पेढीवर घेतलेलं, कारण जीएसटीची नोंदणी त्या नावाची. बँकेचा मेसेज पेढीचं नाव दाखवतो. पाटीवरचं नाव मेसेजात असतं, तर यजमानांनी कार्ड बंद करण्याआधी घरी फोन केला असता असं ते स्वतःच म्हणाले.

त्यांनी घाई केली का? मला तसं वाटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, त्रयस्थानं केलेल्या गैरव्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर तोशीस येत नाही. लवकर कळवणं बरोबरच होतं. एवढंच म्हणेन की कार्ड कायमचं बंद करायच्या आधी ते तात्पुरतं थांबवता येतं. २०२० च्या नियमांनंतर प्रत्येक बँकेला अ‍ॅपमध्ये ही चालू-बंदची सोय द्यावी लागते. टेकवून पैसे देण्याची सोय वेगळी, ऑनलाइनची वेगळी, परदेशातली वेगळी. टेकवण्याची सोय बंद करून तासभर चौकशी केली असती तर नव्या कार्डाची वाट बघावी लागली नसती.

परत कसे द्यायचे

अण्णांनी गल्ला उघडून नोटा मोजायला घेतल्या. "रोख देतो की. आत्ता मिटलं." मी थांबवलं.

अण्णांना वाटलं मी उगाच अडवतोय. पण यजमानांनी बँकेत तक्रार नोंदवलेली होती. ती तक्रार पुढं सरकली की कार्ड देणारी बँक ते ४,७८० रुपये दुकानाच्या बँकेकडून मागून घेणार, आणि दुकानाची बँक ते अण्णांच्या खात्यातून कापणार. रोख दिल्याचा कागद त्या वेळी काही कामाचा नाही. या कुटुंबाच्या मनात तसं काही नव्हतं, पण नेमक्या याच फटीतून दुकानदारांना गंडवणारे लोकही असतात: कार्डानं पैसे देतात, काहीतरी कारण काढून रोख परत मागतात, आणि मग बँकेत तक्रार ठोकतात. कार्डाचे पैसे कार्डावरच परत जायला हवेत, ही सवय सज्जन ग्राहकाच्या वेळीही मोडू नये.

मग दोन रस्ते उरले. यूपीआयचे परत करायचे किंवा कार्डाचे. यूपीआयवरून परत पाठवले असते तर ते लगेच खात्यात दिसले असते आणि दुकानाला खर्च शून्य, कारण यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर आहे. या मशीनचा दर दोन टक्के, म्हणजे ९५ रुपये ६० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून ११३ रुपयांच्या आसपास. बॅच गेल्यानंतर रिफंड केला तर अण्णांच्या करारात हे शुल्क परत मिळत नाही.

तरीही मी कार्डाचे परत करा असं सांगितलं. तक्रार त्याच व्यवहारावर होती. रिफंडचा कागद त्याच व्यवहाराला जोडलेला राहतो, त्यामुळे तक्रार मागं घ्यायला उशीर झाला तरी अण्णा दाखवू शकतात की पैसे गेले आहेत. उलट, यूपीआयचे परत केले असते आणि कार्डावरची तक्रारही मान्य झाली असती, तर अण्णांचा माल फुकट गेला असता. शिवाय बाईंना पैसे आपल्या खात्यातूनच द्यायचे होते. ११३ रुपयांचं शुल्क अण्णांनी सोसलं. ते थोडे नाराज होते, पण पोरावर चिडले नाहीत, हे मला आवडलं.

मुलानं पुण्यात बसून अ‍ॅपमधून त्या मूळ नोंदीवर रिफंड टाकला. त्याला कार्ड लागलं नाही, फोन लागला नाही. मशीनवरूनच रिफंड करायचा असता आणि मशीननं कार्ड मागितलं असतं, तर कपाटातलं कार्ड टेकवून उपयोग नव्हता. ज्या फोनवरून पैसे दिले तोच फोन टेकवावा लागतो, कारण मशीनच्या लेखी ७७१२ आणि ३०४६ ही दोन वेगळी कार्डं आहेत. कार्ड बंद असल्यानं पैसे अधांतरी राहतील का, ही यजमानांची शंका रास्त होती. तसं होत नाही. क्रमांक बंद झाला तरी त्यामागचं क्रेडिट कार्डाचं खातं चालूच असतं, रिफंड त्या खात्यात जमा होतो आणि नव्या कार्डाच्या बिलावर दिसतो.

बाईंच्या शेजारणीनं त्यांना शनिवारी रात्री सांगितलं होतं की काही करू नका, पाच दिवसांत पैसे आपोआप परत येतात. हा समज सगळीकडे आहे आणि त्यात अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाचे पैसे कापले गेले पण दुकानाकडे त्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे यूपीआयनं दुकानात दिलेल्या पैशांनाही लागू आणि कार्डालाही. पण हा नियम अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचा. इथं दोन्ही व्यवहार पूर्ण झाले होते. बँकेच्या दृष्टीनं एका बाईंनी एका दुकानाला दोन वेळा पैसे दिले, आणि बिल एकच होतं हे बँकेला कुठून कळणार? पाच दिवस काय, पाच महिने थांबलं तरी ते पैसे आपसूक परत आले नसते. ते दुकानालाच परत करावे लागतात.

आणि दुकानाला कळलंच नाही तर? वर्षअखेरीला खाती जुळवताना मला दुकानांच्या खात्यात अशा रकमा सापडतात: मशीनवरून जमा, पण समोर बिल नाही. मालक म्हणतात, "राहू दे, कुठली तरी विक्री असेल." मी त्या विक्रीत धरत नाही, ग्राहकांचं देणं म्हणून वेगळ्या दाखवतो. त्यातला कितीतरी भाग अशाच कुणा बाईंचा असणार, ज्यांच्या घरी मेसेज नीट वाचणारं कुणी नव्हतं. तो पैसा दुकानाचा नाही. दिवसाच्या शेवटी मशीनची एकूण रक्कम आणि बिलं यांचा मेळ घातला, तर तो त्याच रात्री परत करता येतो, व्हॉइडनं, एक पैसा खर्च न करता.

नंतर

अण्णांच्या दुकानात आता मशीनचं अ‍ॅप त्यांच्याही फोनवर आहे. पोराला मी मशीनवर शेवटचा व्यवहार कसा बघायचा ते दाखवलं. दोन बटणांचं काम आहे. "झालं नाही" म्हणायच्या आधी ते पान उघडायचं, ग्राहकाच्या मागं कितीही रांग असली तरी. रक्कम टाकण्याआधी तो आता विचारतो, "कार्डावरनं का खात्यातनं, ताई?" पुष्कळांना उत्तर देता येत नाही, मग तो क्यूआर पुढं करतो. रोलची एक जास्तीची गुंडाळी गल्ल्याखाली ठेवलेली असते.

पेढीच्या नावाबरोबर पाटीवरचं नावही मेसेजात यावं म्हणून मशीन देणाऱ्या बँकेकडे अर्ज केला. त्याला वेळ लागणार आहे असं दिसतं, म्हणून तोवर अण्णांनी मशीनच्या वरच्या बाजूला पेढीचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवली आहे: मेसेजमध्ये हे नाव येईल.

रिफंड पुढच्या आठवड्यात कार्डाच्या खात्यात जमा झाला. यजमानांनी तक्रार मागं घेतली. तरी बँकेनं अण्णांकडे कागद मागितलेच, तेव्हा रिफंडची पावती पाठवली आणि विषय बंद झाला. नवं कार्ड आल्यावर बाईंनी ते फोनमध्ये भरलं नाही. फोन टेकवून पैसे द्यायची सोय त्यांना हवी आहे, पण आपल्या खात्यातून, म्हणून त्यांनी भाच्याकडून स्वतःचं डेबिट कार्ड भरून घेतलं. ते फोनमध्ये भरलं तरी दुकानात चालेना. पोरानं अण्णांना विचारलं, अण्णांनी मला. त्या डेबिट कार्डावर टेकवून पैसे देण्याची सोय बँकेनं मुळात बंदच ठेवलेली होती. २०२० च्या नियमांनुसार ती ग्राहकानं स्वतः चालू करायची असते. बाईंनी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती चालू केली, आणि मर्यादा ५,००० ऐवजी २,००० वर आणून ठेवली.